माहेरचे घर : ओढ आणि हक्क



गेल्या वर्षी रमजानला दोन आठवडे उरले असताना असरच्या नमाजनंतर साठीच्या आसपासच्या एक भगिनी मशिदीच्या दाराशी येऊन थांबल्या. मोहल्ल्यातील सगळे त्यांना खाला म्हणतात. त्यांच्या हातातील पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. ते हक्कसोडपत्र होते. वडिलांच्या जमिनीचा काही भाग रस्त्याच्या रुंदीकरणात गेला होता आणि मोबदला मंजूर झाला होता. सातबाऱ्यावर भावांच्या नावांबरोबर वारस म्हणून लागलेले आपले नाव खालांनी कमी करून घ्यावे, अशी भावांची इच्छा होती.

मला वाटले, सही करणे जायज आहे काय, असे त्या विचारतील. त्यांनी विचारले, "मौलानासाब, मी सही केली नाही तर भाऊ माझ्याशी बोलतील का? ईदच्या दुसऱ्या दिवशी मी दरवर्षी माहेरी जाते. पुढच्या ईदला कुठं जाऊ?"

मसअला सांगणे सोपे होते. तो दोन वाक्यांत सांगून झाला असता. परंतु खालांच्या प्रश्नात मसअल्याहून अधिक काही होते. माणूस कोणत्या घराला आपले म्हणतो, ते घर त्याला आपले मानते काय, आणि हे आपलेपण कशावर टिकते, हा तो प्रश्न होता. या अंकातील पाठात आपण त्याचाच विचार करू. पवित्र कुरआन, प्रेषितांचे (स.) चरित्र आणि आपल्या मराठी भाषेने जपलेल्या काही खुणा या विचारात आपल्याला साथ देतील.

घर म्हणजे विसावा

सूरह नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्यावरील उपकारांची गणना करताना घराचा उल्लेख केला आहे. त्या आयतीचा आशय असा की, अल्लाहने तुमच्या घरांना तुमच्यासाठी विसाव्याचे स्थान बनविले, आणि प्रवासात व मुक्कामात हलके वाटतील असे चामड्याचे तंबूही दिले. येथे घरासाठी 'सकन' हा शब्द आला आहे. मनाला लाभणारी 'सकीनत' आणि वस्तीसाठीचा 'मस्कन' हे शब्द याच धातूपासून आले आहेत. म्हणजे घराची ओळख भिंतींनी होत नाही. जेथे जीव स्थिरावतो ते घर. वाळवंटातील तंबूही घर होऊ शकतो, आणि तीन मजली इमारतीत राहूनही एखादी व्यक्ती बेघर असू शकते.

हा विसावा हरवल्याचे दुःख साहित्यात फार जुने आहे. इस्लामपूर्व अरबी कवींची दीर्घ काव्ये बहुधा एका ओसाड जागेपाशी सुरू होत. कवी उंटावरून जाताना थांबतो, विझलेल्या चुलीचे दगड आणि पुसट झालेल्या तंबूच्या खुणा पाहतो आणि तेथून निघून गेलेल्या माणसांसाठी रडतो. या खुणांना अरबीत 'अतलाल' म्हणतात. इम्रुल-कैसच्या प्रसिद्ध मुअल्लकाचा आरंभ असाच आहे. पुढे मौलाना रूमींनी आपल्या मसनवीचा प्रारंभ बासरीच्या तक्रारीने केला. वेळूच्या बनातून तिला कापून आणले, म्हणून ती रडते आहे. माणसाचा जीवही आपल्या मूळ ठिकाणासाठी असाच झुरत असतो, हे त्यांना सांगावयाचे होते.

आपल्या मराठीत ही जागा 'माहेर' या एका शब्दाने व्यापली आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायांनी शतकानुशतके ज्या ओव्या म्हटल्या, त्यांतील किती तरी ओव्या माहेरच्या, आईच्या आणि वाट पाहायला लावणाऱ्या भावाच्या आहेत. संत एकनाथांना पंढरपूरची ओढ सांगताना माहेराचीच उपमा जवळची वाटली. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तकरूपाने आली, आणि त्यांतही माहेर आहे. मी बी. ए. ला मराठी घेऊन हे सर्व अभ्यासले तेव्हा मला हे साहित्य परके वाटले नाही. आमच्या घरीही अम्मी भावाची वाट पाहताना दारापर्यंत दहा खेपा घालीत असे.

मात्र या साऱ्या ओव्यांतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेकीचे माहेर हे बहुधा भावाच्या मर्जीवर उभे असते. तो बोळवण करील, तो साडी देईल, तो न्यायला येईल. लेक मागते ती माया. हिस्सा ती मागत नाही, कारण तो मागितला तर मायाही जाईल, अशी तिला भीती आहे. खालांचा प्रश्न त्या ओव्यांइतकाच जुना होता.

मक्केची ओढ, मदीनेचे घर

आता प्रेषितांच्या (स.) जीवनाकडे वळू. इ. स. ६२२ मध्ये त्यांना मक्का सोडावी लागली. तिर्मिजीच्या हदीसमध्ये येते की, हजवरा या ठिकाणी उभे राहून त्यांनी मक्केला उद्देशून म्हटले की, अल्लाहच्या भूमीत तू अल्लाहला आणि मला सर्वांत प्रिय आहेस; तुझ्या लोकांनी मला बाहेर काढले नसते तर मी निघालो नसतो. ज्या गावाने त्यांचा वर्षानुवर्षे छळ केला, त्या गावाविषयीचे हे उद्गार आहेत.

मदीनेत पोहोचल्यावर ह. अबू बक्र (रजि.) आणि ह. बिलाल (रजि.) तापाने फणफणले. सहीह बुखारीत आहे की, ताप उतरला की ह. बिलाल (रजि.) मक्केच्या आठवणीच्या काव्यपंक्ती म्हणत. इजखिर आणि जलील या तेथील गवतांच्या सोबतीने त्या खोऱ्यात पुन्हा एक रात्र काढता येईल काय, मजन्नाचे पाणी पुन्हा लाभेल काय, अशी त्यांत तळमळ होती. विचार करा! याच मक्केच्या तापलेल्या वाळूवर त्यांना निजवून छातीवर दगड ठेवला गेला होता. तरी त्यांना तेथील गवत आठवत होते.

प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. ही ओढ इमानच्या दुबळेपणाची खूण आहे, असेही म्हटले नाही. त्यांनी दुआ केली. मदीना आम्हाला मक्केइतकी किंवा त्याहूनही अधिक प्रिय कर, तिची हवा निरोगी कर आणि तिच्या 'साअ' व 'मुद्द' मध्ये बरकत दे, असा त्या दुआचा आशय आहे. साअ आणि मुद्द ही धान्य मोजण्याची मापे आहेत, आपल्याकडील शेर-पायलीसारखी. नवे ठिकाण आपले व्हावे यासाठी तेथील हवा, तेथील धान्य आणि तेथील बाजार यांसाठी दुआ करावी, हे आपल्याला येथे शिकावयास मिळते. पुढे प्रवासाहून परतताना मदीनेची घरे दिसू लागली की, तिच्यावरील प्रेमापोटी ते आपले वाहन वेगाने हाकीत.

येथे विद्यार्थी म्हणून एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या समारंभांत आपल्यातील काही वक्ते 'हुब्बुल-वतन मिनल-ईमान' हे वचन हदीस म्हणून सांगतात. इमाम सगानी यांच्यासारख्या मुहद्दिसांनी ते मौजू, म्हणजे रचलेले, ठरविले आहे. प्रेषितांच्या (स.) नावावर त्यांनी न म्हटलेली गोष्ट खपविणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आपल्या भूमीवरील प्रेमासाठी हजवरा येथील ते उद्गार आणि तापातील बिलालांची ती आठवण पुरेशी आहे.

ह. साद बिन रबीअ (रजि.) यांचे घर

मदीनेत प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा हात ह. साद बिन रबीअ (रजि.) यांच्या हाती दिला गेला. साद हे अन्सारमधील संपन्न गृहस्थ. त्यांनी आपल्या संपत्तीचा अर्धा वाटा या नव्या भावापुढे ठेवला. अब्दुर्रहमान यांनी त्यांच्या घरादाराला बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. ही घटना आपण जुमाच्या खुतब्यांत अनेकदा ऐकतो. यजमानाने देण्यात हात आखडला नाही, पाहुण्याने घेण्यात लोभ दाखविला नाही. परक्या गावात घर कसे उभे राहते, याचा हा आदर्श आहे.

परंतु या घराची पुढची कथा आपण क्वचितच सांगतो.

हिजरी ३ मध्ये उहुदच्या लढाईत ह. साद (रजि.) शहीद झाले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. अरबांच्या जुन्या रिवाजानुसार सादांच्या भावाने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली. ज्या घराने एका परक्याला अर्धा वाटा देऊ केला होता, त्याच घरातील लेकींच्या हाती काहीच उरले नाही. तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे की, सादांच्या पत्नी दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. यांचे वडील आपल्याबरोबर लढताना शहीद झाले, यांच्या चुलत्याने सर्व माल घेतला आणि मालाशिवाय यांचे निकाहही होणार नाहीत, असे त्यांनी गाऱ्हाणे मांडले. अल्लाह याचा निवाडा करील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) त्या चुलत्याला बोलावून घेतले आणि दोन मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यावे व उरेल ते त्याने घ्यावे, असा हुकूम दिला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. प्रेषितांनी (स.) त्या माउलीला सबर करण्याचा उपदेश केला नाही. 'चुलता आहे, सांभाळून घेईल, संबंध बिघडवू नका', असेही सांगितले नाही. त्यांनी ज्याच्या हाती माल होता त्याला बोलावले. आज आपण हक्क मागणाऱ्या बहिणीला बोलावून समजूत घालतो. प्रेषितांची (स.) रीत नेमकी याच्या उलट होती.

स्वतःचे घर सोडले, दुसऱ्याचे मिळवून दिले

हिजरी ८ च्या रमजानमध्ये मक्का जिंकली गेली. ह. उसामा (रजि.) यांनी विचारले की, आपण मक्केत कोठे उतरणार? प्रेषितांनी (स.) उलट विचारले की, अकीलने आमच्यासाठी एखादे घर तरी शिल्लक ठेवले आहे काय? अबू तालिब यांच्या मागे त्यांचा वारसा अकील आणि तालिब यांना मिळाला होता. मागे राहिलेली घरे अकीलने विकून टाकली होती. विजेता म्हणून ती परत घेणे प्रेषितांना (स.) अशक्य नव्हते. त्यांनी ती मागितली नाहीत. ज्या गावी जन्म झाला, त्या गावी ते तंबूत राहिले.

काही बंधू हा प्रसंग ऐकून म्हणतील की, पाहा, प्रेषितांनीही (स.) घर सोडून दिले, मग बहिणींनीही सोडावे. येथे एक फरक नीट समजून घ्यावयास हवा. प्रेषितांनी (स.) सोडले ते स्वतःचे. दुसऱ्याला त्याचा हक्क सोडावयास त्यांनी लावले नाही. आपला हक्क आपण होऊन सोडणे हे एहसान आहे. दुसऱ्याचा हक्क त्याच्याकडून सोडवून घेणे हा जुल्म आहे. अकीलच्या घराचा प्रसंग ज्याला फार आवडतो, त्या भावाने आपला हिस्सा बहिणीला देऊन तो आचरणात आणावा.

याच दिवसांतील आणखी दोन प्रसंग आहेत. मक्केच्या विजयानंतर अन्सारना चिंता वाटली की, आता प्रेषित (स.) आपल्या जन्मगावी, आपल्या आप्तांत राहतील. त्यांनी अन्सारना सांगितले की, माझे जगणे तुमच्याबरोबर आणि मरणही तुमच्याबरोबर. मक्का हाती असताना ते मदीनेला परतले आणि तेथेच दफन झाले. ज्यांनी घर दिले त्यांना ते विसरले नाहीत.

दुसरा प्रसंग हुनैनच्या लढाईनंतरचा आहे. सीरतच्या ग्रंथांत येते की, बंदींमध्ये एक प्रौढ स्त्री होती. आपण प्रेषितांची (स.) दूधबहीण आहोत, हलीमांची मुलगी शैमा, असे तिने सांगितले. लहानपणीची खूण दाखवली. ओळख पटताच प्रेषितांनी (स.) आपली चादर अंथरून तिला बसविले, राहावयाचे असल्यास सन्मानाने राहा आणि जावयाचे असल्यास सन्मानाने जा असे सांगितले, आणि तिच्या इच्छेप्रमाणे भेटी देऊन आपल्या लोकांत पाठविले. रक्ताचे नाते नाही, इतक्या वर्षांची भेट नाही. तरी बहीण आली तेव्हा चादर अंथरली गेली. आपल्या सख्ख्या बहिणीला भावाच्या दाराशी जाताना धास्ती वाटावी, यावर आपण मान खाली घालावी.

'वतन' शब्दाची साक्ष

अरबीतील 'वतन' हा शब्द आपल्या मराठीत आला तेव्हा त्याने एक विशेष अर्थ धारण केला. दख्खनच्या सुलतानांच्या आणि पुढे मराठ्यांच्या राज्यांत वतन म्हणजे गावातील किंवा परगण्यातील वंशपरंपरागत हक्क. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, काझी हे वतनदार. अनेक गावांच्या बलुतेदारांत मुलाणीही होता. त्याच्याकडे गावातील धार्मिक सेवा असे आणि खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा असे. वतनदाराला जे मिळावयाचे त्याला 'हक्क-लाजिमा' म्हणत. वतनावर तंटा झाला की गोतसभा भरे, साक्षी होत आणि 'महजर' लिहिला जाई. आज आपल्यातील मुलाणी, काझी, इनामदार, देशमुख ही आडनावे त्या व्यवस्थेची आठवण आहेत. त्या व्यवस्थेत अन्यायही होता. स्वातंत्र्यानंतर कायद्याने वतने रद्द झाली, ते योग्यच झाले. तरी भाषेने जपलेला एक धागा मोलाचा आहे. या मातीत 'वतन' म्हणताना नुसती ओढ अभिप्रेत नसे. त्याच्यामागे सेवा आणि हक्क ही जोडी असे. मी त्या गावचा आहे, याचा अर्थ त्या गावासाठी माझे काम आहे आणि त्या गावच्या खळ्यावर माझा वाटा आहे.

फिकहमध्येही वतन हा पारिभाषिक शब्द आहे. कायम वास्तव्याचे ठिकाण ते वतन-ए-असली, आणि मुक्कामाच्या निय्यतीने राहण्याचे ठिकाण ते वतन-ए-इकामत. आपल्या भगिनी मला वारंवार विचारतात की, माहेरी गेल्यावर नमाज पूर्ण पढावी की कसर करावी? हनफी मसलकानुसार जी स्त्री लग्नानंतर कायमची सासरी वसली आहे आणि जिचे माहेर प्रवासाच्या अंतरावर, म्हणजे साधारण ७७–७८ किलोमीटर किंवा अधिक दूर आहे, ती पंधरा दिवसांहून कमी राहण्याच्या निय्यतीने माहेरी गेली तर तेथे मुसाफिर ठरते आणि कसर करते. कोकणातील आपली बहुसंख्य शाफई घराणी मुक्कामाच्या दिवसांची गणना वेगळी करतात. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, नमाजच्या बाबतीत लेक माहेरी मुसाफिर ठरू शकते. वारशाच्या बाबतीत ती कधीही मुसाफिर ठरत नाही. ती सासरी दहा मैलांवर असो वा समुद्रापार, तिचा हिस्सा तेवढाच राहतो.

हिस्सा किती आणि सबबी कोणत्या

सूरह निसाच्या ७ व्या आयतीत सांगितले आहे की, आईवडील व जवळचे नातलग जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचाही हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही, मग माल थोडा असो वा फार. ११ व १२ व्या आयतींत हिस्से ठरवून दिले आहेत. एक साधे उदाहरण घेऊ. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. वडील-आई आधीच निवर्तले आहेत. कफन-दफनाचा खर्च, कर्ज (पत्नीचे मेहर बाकी असेल तर तेही कर्जच) आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेतील वसियत वजा जाता घर व जमीन मिळून ४८ लाख रुपये उरले. पत्नीचा अष्टमांश ६ लाख. उरलेले ४२ लाख सहा भागांत वाटावयाचे. प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे १४ लाख, प्रत्येक मुलीला एक भाग म्हणजे ७ लाख. पाचवीच्या मुलालाही हे गणित येते. अडचण गणितात नाही. ती मनात आहे, आणि ती चार सबबींच्या रूपाने बाहेर पडते.

पहिली सबब अशी की, बहिणीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा. वारसा मृत्यूनंतर सुरू होतो. वडिलांनी हयातीत लग्नात केलेला खर्च वारशातून वजा होत नाही. तसा तर मुलाच्या शिक्षणाचा आणि लग्नाचाही खर्च वडिलांनीच केला होता.

दुसरी, वडील तोंडी सांगून गेले की घर मुलांचे. वारसासाठी वसियत नाही, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे, इतर वारसांनी स्वखुशीने मान्य केल्याशिवाय ती लागू होत नाही. हयातीत काही द्यावयाचे असेल तर मुलांमध्ये न्याय करण्याचा हुकूम आहे.

तिसरी, बहिणीने स्वतःच माफ केले. वारसाची मालकी मृत्यूच्या क्षणी अल्लाहच्या हुकमाने ठरते. नुसते 'नको' म्हटल्याने ती मिटत नाही. म्हणून उलमा सांगतात की, आधी तिचा हिस्सा मोजून तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने मनापासून काही परत दिले तर ती तिची भेट. मनाच्या खुशीशिवाय मुसलमानाचा माल दुसऱ्याला हलाल नाही, असे हदीसमध्ये आहे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही खुशी म्हणता येईल काय, याचे उत्तर प्रत्येक भावाने आपल्या मनाला विचारावे.

चौथी, ती आता दुसऱ्या घरची. असे असते तर अल्लाहने आयतीत विवाहित व अविवाहित असा भेद केला असता. तो केलेला नाही.

या आयतींनंतर लगेच, १३ व १४ व्या आयतींत, या अल्लाहच्या ठरविलेल्या मर्यादा आहेत असे सांगून त्या ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे. सूरह फज्रमध्ये वारशाचा माल गोळा करून गिळणाऱ्यांचा धिक्कार आहे. आणि बुखारी-मुस्लिमची हदीस आहे की, ज्याने वीतभर जमीन अन्यायाने घेतली त्याच्या गळ्यात सात थरांपर्यंतची ती जमीन अडकविली जाईल. आपण हज करतो, मशिदीला पंखे देतो, रमजानमध्ये इफ्तार घालतो. बहिणीची वीतभर जमीन गळ्यात घेऊन ही सर्व पुण्ये कोठपर्यंत चालतील?

आपल्या घरापासून

हे लिहिताना मी मिंबरवर उभा आहे असे कोणी समजू नये. मदरशात मी वारशाचे शास्त्र शिकलो. 'सिराजी' या ग्रंथाच्या इबारती मला पाठ होत्या. पण सुटीत गावी येऊन ज्या ओसरीवर बसून मी त्या घोकल्या, त्या घराचीच वाटणी त्या नियमांनी झाली नव्हती. आजोबांच्या मागे दोनच वारस होते, अब्बा आणि फुफी. म्हणजे घर आणि शेताचा तिसरा हिस्सा फुफींचा होता. त्यांनी कधी मागितला नाही आणि आम्ही कधी काढला नाही. पंचवीस वर्षे त्या आमच्याकडे पाहुण्यासारख्या आल्या, दोन दिवस राहिल्या आणि गेल्या.

खालांना उत्तर देण्यापूर्वी मी त्या रात्री अब्बांना फोन केला. मुलाने बापाला असे विचारणे सोपे नसते. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरनंतर त्यांचाच फोन आला आणि त्यांनी जमिनीचा हिशेब कसा करावा हे विचारले. सर्व रक्कम एकदम देता आली नाही. शेताचा एक तुकडा फुफींच्या नावे झाला, बाकीसाठी मुदत लिहून दिली. फुफींनी विशेष काही म्हटले नाही. त्या वर्षी आंब्याच्या दिवसांत त्या पूर्ण आठवडा राहिल्या.

म्हणून वाचकांना विनंती आहे. या महिन्यात घरातील सर्वांनी एकत्र बसावे. आजोबा-वडिलांच्या मागे वाटणी झाली आहे काय, हे मुलांच्या समोर विचारावे. झाली नसेल तर वारसांची यादी आणि मालमत्तेची किंमत लिहावी, जवळच्या जाणत्या आलिमांकडून हिस्से काढून घ्यावेत आणि कागदोपत्री नोंद करावी. एकदम देणे जमत नसेल तर हप्ते ठरवावेत, पण हिस्सा मान्य करून लिहून द्यावा. बहीण वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या वारसांचा आहे. आणि हिस्सा दिल्यानंतर ईदला बहिणीला आणावयास जाणे थांबवू नये. नाते जोडून ठेवणे हा वेगळा हक्क आहे, तो हिस्सा दिल्याने फिटत नाही.

खालांना मी सांगितले की, सही न करणे हा गुन्हा नाही, आणि यामुळे नाते तुटले तर तोडणाऱ्याचा हिशेब अल्लाहकडे आहे. त्यांनी सही केली नाही. धाकटे भाऊ मला येऊन भेटले, तासभर बसले, हिशेब समजून घेतला आणि आपल्या वाट्यातून निघणारी बहिणीची रक्कम त्यांनी दिली. थोरले अद्याप बोलत नाहीत. ईदच्या दुसऱ्या दिवशी खाला धाकट्यांच्या घरी गेल्या. वाटेत थोरल्यांचे दार लागते, तेथे त्यांनी सलाम केला आणि पुढे गेल्या. थोरल्यांसाठी मी दुआ करतो. आपणही करावी.

हे अल्लाह! आमच्या घरांना विसाव्याची घरे बनव. आमच्या लेकी-बहिणींना त्यांच्या माहेरी सन्मान दे, आणि त्यांचा हक्क आमच्या हातांनी अदा करण्याची तौफीक दे. ज्यांची घरे सुटली त्यांना मदीनेसारखा आधार दे. आणि सर्वांत शेवटच्या घराकडे आम्ही निघू तेव्हा कोणाची वीतभर जमीनही आमच्या गळ्यात असू देऊ नकोस. आमीन.